प्लेटलेट्सच्या प्रयोगांना मेंढ्या-डुकरं कशाला? उंदीर पुरत नाहीत का?

ठिपकेवाली:
मला आयटीपी (शरीरच आपल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, नष्ट करतं तो आजार) होऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात प्लेटलेट्सचा काउंट ९,००० आला. पायांवर लाल ठिपके, बाकी काही नाही. आदल्या दिवशी तर मी घरभर झाडलोट केली होती. त्याआधी एकदा ३१,००० असताना मात्र हिरड्यांतून दोन दिवस रक्त येत होतं. आकडा एक सांगतो, अंग दुसरंच. यावर काही संशोधन आहे का म्हणून वाचत बसले, तर जिथे तिथे मेंढ्या, डुकरं, कुत्री. उंदरांवर भागत नाही का? त्या जनावरांची दया येते, हेही सांगून टाकते.

चहाटळ:
भागतं की. मोठं जनावर घेतलं की पेपर मोठ्या मासिकात छापून येतो, एवढंच.

भूलवाला:
चहाटळ, एक मेंढी वर्षभर सांभाळून बघा, मग बोलू.

ठिपकेवाली, मी पशुवैद्य. अकरा वर्षं अशाच प्रयोगांत डुकरांना आणि मेंढ्यांना भूल दिली. एका मायक्रोलिटर रक्तात माणसाच्या प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख, उंदराच्या दहा लाखांच्या आसपास, त्याही आकाराने लहान. थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) ओळखायला माणसाच्या प्लेटलेटवर पीएआर-१ नावाचा रिसेप्टर असतो, उंदराच्या प्लेटलेटवर तो नसतोच. आणि उंदराच्या ९५ टक्के प्लेटलेट्स काढून घेतल्या तरी तो आपोआप रक्तस्राव होऊन मरत नाही. पण म्हणून उंदीर फुकट गेला असं नाही. २००८ मध्ये उंदरांवरच दिसलं की प्लेटलेट्स कमी असताना त्वचेला किंवा फुप्फुसाला सूज आणली, तर रक्त नेमकं तिथेच फुटतं. तेव्हा हिरड्या सुजल्या होत्या का तुमच्या?

मोठं जनावर लागतं ते बरंचसं रक्तासाठी. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून दोन मिलिलिटरही नसतं. साठ किलोच्या डुकरात चार लिटरच्या आसपास, त्यामुळे एकाच जनावराचा नमुना तासातासाला घेता येतो. यकृताला ठरावीक जखम करायची, गॉज वजन करून रक्त मोजायचं. जखम भूल दिल्यावरच होते आणि आमच्याकडे डुकराला पुन्हा जागं करत नसत. दया मलाही यायची.

भानगडी मात्र खूप. प्रयोगासाठी बुसल्फान (केमोचं औषध) देऊन प्लेटलेट्स उतरवल्या की पांढऱ्या पेशीही उतरतात, ताप येतो, हिमोग्लोबिन पडतं. तांबड्या पेशी कमी झाल्या की प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या कडेला ढकलणारं कुणी राहत नाही, त्यानेही रक्तस्राव वाढतो. मग दोष कुणाला द्यायचा? अँटिबॉडीने काही तासांत उतरवता येतात, पण ती प्रत्येक प्राण्याची वेगळी शोधावी लागते. एकदा मशीनने एका डुकरीणीचा काउंट ४०,००० दाखवला, आम्ही खूश. स्लाइड बघितली तर कडेला प्लेटलेट्सचे गठ्ठे! सुई नीट बसली नव्हती, रक्त नळीत जातानाच गोठायला लागलं होतं. त्या दिवसापासून स्लाइड बघितल्याशिवाय मी आकडा मानत नाही.

मेंढ्यांचे उपकारही सांगतो. प्लेटलेट्स घटल्या की थ्रॉम्बोपोएटिन (प्लेटलेट्स बनवायला लावणारं संप्रेरक) चढतं, कारण प्लेटलेट्सच ते रक्तातून शोषून घेत असतात. १९९४ मध्ये ते हाती लागलं तेव्हा एका गटाने बुसल्फान दिलेल्या मेंढ्यांचा प्लाझ्मा वापरला होता, तर दुसऱ्यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या डुकरांचा नि कुत्र्यांचा. उंदरांकडून एवढा प्लाझ्मा कुठून आणणार?

आणि उलटंही आहे. तुम्ही एल्ट्रॉम्बोपॅग (प्लेटलेट्स वाढवणारी गोळी) घेत असाल तर त्याच्या प्रयोगांना डुक्कर काही कामाचं नाही. ते माणसाच्या आणि चिंपांझीच्याच थ्रॉम्बोपोएटिन-रिसेप्टरवर चालतं, एका अमिनो आम्लाच्या फरकामुळे.

रक्तपेढीवाली:
आकड्याचं म्हणाल तर २०१० मध्ये छापून आलेल्या १,२७२ रुग्णांच्या चाचणीत (केमो आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांटवाले) काउंट ५,००० किंवा त्याखाली असलेल्या दर चार दिवसांत एका दिवशी ठळक रक्तस्राव होता. ६,००० पासून थेट ८०,००० पर्यंत मात्र तो १७ टक्के दिवसांच्या आसपासच घुटमळत राहिला. आयटीपीची गोष्ट वेगळी, तिथे प्लेटलेट्स थोड्या पण ताज्या असतात.

ठिपकेवाली:
भूलवाला, आत्ता आठवलं. तेव्हा अक्कलदाढेभोवती सूज होती! मी दोन्हींचा संबंधच लावला नव्हता. दाढ अजून तशीच आहे.

भूलवाला:
मग ती काढायला जाण्याआधी रक्तविकाराच्या डॉक्टरांना सांगा. काउंट ९,००० असताना दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसू नका. आणि काउंट अचानक फारच कमी आला, तर स्लाइड बघितली का तेही विचारा.