प्रति: एटीएम नेटवर्कवरची (डेटा छोट्या, ठरावीक मापाच्या 'सेल'मध्ये तोडून पाठवणारं नेटवर्क) पीव्हीसी, म्हणजे दोन राउटरमधली कायमची आभासी जोडणी, चालू आहे, पण मोठी पॅकेट्स गळतात

वर कुणीतरी लिहिलंय की दोन्ही राउटरवर व्हीपीआय/व्हीसीआय (सेलवरचे, जोडणी ओळखायचे आकडे) सारखेच हवेत. तसं नाही. हे आकडे फक्त त्या एका लिंकपुरते असतात. मधला स्विच ते बदलून पुढे पाठवतो. तुमचा आकडा तुमच्या बाजूच्या स्विचशी जुळला की झालं. व्हीसीआय मात्र ३२ किंवा त्यापुढचा घ्या, ० ते ३१ राखीव असतात.

तुमचं लक्षण, म्हणजे छोटा पिंग जातो आणि १५०० बाइटचा अडकतो, हे मला थेट शेपिंगचं (आपण किती वेगाने सेल पाठवायचे ते आवरणं) वाटतं. हिशोब करून बघा: १५०० बाइट, त्यावर स्नॅपचे (पॅकेट कुठल्या प्रकारचं ते सांगणारं हेडर) ८, एएएल५ ट्रेलरचे (एटीएम पॅकेटच्या शेवटी जोडतं ती माहिती) ८, म्हणजे १५१६. प्रत्येक सेलमध्ये ४८ बाइट मावतात, म्हणून ३२ सेल लागतात आणि वायरवर ३२ गुणिले ५३ (हेडर धरून एका सेलचे बाइट), म्हणजे १६९६ बाइट जातात. त्यातला एक सेल जरी प्रोव्हायडरच्या पोलिसिंगने (करारापेक्षा जास्त आलेले सेल फेकणं) टाकला, तरी अख्खं पॅकेट वाया! म्हणून पीव्हीसीवर व्हीबीआर-एनआरटी (बदलत्या वेगाचा, रिअल-टाइम नसलेला सेवा-प्रकार) लावा आणि पीक व सस्टेन्ड रेट (कमाल आणि सरासरी वेग) करारातल्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. आणि हो, करारातला रेट सेल हेडर धरून आहे की न धरता, हे प्रोव्हायडरला आधी विचारा. बहुतेक गडबड तिथेच होते.

ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायचा प्रोटोकॉल) एक्सस्टार्टला, म्हणजे ओळख जुळवायच्या एका सुरुवातीच्या टप्प्यावर, अडकत असेल, तर दोन्हीकडचा एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) तपासा. सिस्कोच्या एटीएम इंटरफेसवर तो सहसा ४४७० असतो.

शेपिंग लावल्यावर पीव्हीसीचे काउंटर इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.