दिमोनातील आईसाठी वृद्धनिवास निवडताना परंपरेच्या दृष्टीने नेमके काय पाहावे?

अलिबागची लेक, पेताह तिकवा

सर्वांना शालोम. माझी आई 81 वर्षांची असून तीन वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून ती दिमोनात एकटी राहते. तिचे बालपण अलिबागच्या इस्रायल आळीत गेले आणि 1971 मध्ये ती बाबांबरोबर इथे इस्रायलमध्ये आली. हिब्रू तिला व्यवहारापुरते येते. मनातले मात्र ती आजही मराठीतच बोलते. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि सकाळपर्यंत कोणाला कळले नाही. तेव्हापासून तिने एकटे राहू नये यावर आम्हा भावंडांचे एकमत झाले आहे, आणि बराच विचार करून तिनेही ते मान्य केले आहे.

आमच्यासमोर दोन जागा आहेत. पहिली माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर असलेला मोठा दियूर मुगान, म्हणजे स्वतंत्र खोल्या, सामायिक भोजनगृह आणि देखभाल असलेला निवास. दुसरी बीरशेबातील लहान, धार्मिक वळणाचे बेत आवोत, म्हणजे वृद्धाश्रम. तिथे सिनेगॉग रोज भरतो आणि आईच्या ओळखीची दोन बेने इस्रायल, म्हणजे आपल्यासारखी कोकणातून आलेली मराठी ज्यू, कुटुंबे राहतात. दोन्ही ठिकाणी भोजन कोशेर (ज्यू आहारनियमांनुसार) आहे, दारांना मेझुझा (चौकटीवरची तोरावचनांची डबी) आहे, आणि दोन्ही संस्था आपल्या माहितीपत्रकात परंपरेचा अभिमानाने उल्लेख करतात. परंतु आईची परंपरा म्हणजे शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीदिवसाच्या) स्वागताचे शुक्रवारचे दिवे, नव्याच्या सणाचा (रोश हशाना, ज्यू नववर्ष) चिकाचा हलवा, बिरड्याच्या सणाचे (तिशा बआव, मंदिरनाशाचा शोकदिन) वाल आणि तू बिश्वात या झाडांच्या सणाला एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलिया) नावाने केलेला मलिदा. माहितीपत्रकातली परंपरा आणि ही परंपरा एकच आहे का, हे कसे ओळखावे? आणि आईला अशा ठिकाणी ठेवणे हे तोराच्या (ज्यू धर्मग्रंथाच्या) आज्ञेत बसते का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, हेही प्रांजळपणे सांगते.

निवृत्त परिचारिका, बीरशेबा

ताई, मी अशा संस्थांमध्ये अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून आधी स्वयंपाकघराविषयी लिहिते. भोजन कोशेर आहे एवढे ऐकून थांबू नका. पेसाहच्या, म्हणजे खमीर वर्ज्य असलेल्या सणाच्या, सात दिवसांत भात शिजतो का, हे विचारा. आपण बेने इस्रायल लोक तांदूळ निवडून, पुन्हा निवडून पेसाहला भात खातो. अश्कनाझी (मूळ युरोपीय ज्यू) घरांत मात्र तांदूळ आणि कडधान्ये किटनियोत म्हणून वर्ज्य मानतात. ज्या संस्थेचे स्वयंपाकघर सर्वांसाठी एकच आणि अश्कनाझी पद्धतीने चालते, तिथे आईला आठवडाभर बटाट्यावर राहावे लागेल, आणि तिला ते बंधन आपले वाटणार नाही. हे उत्तर स्वागतकक्षातील अधिकाऱ्यांकडून नव्हे, तर तिथल्या माश्गियाखकडून, म्हणजे कोशेर नियमांवर देखरेख करणाऱ्याकडून, घ्यावे.

मलिद्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. बाहेरून शिजवलेले अन्न सामायिक भोजनगृहात नेण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि कश्रूतच्या, म्हणजे कोशेर नियमांच्या, दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु मलिद्यात शिजवण्यासारखे काही नसते. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि फळे एवढे साहित्य सीलबंद व प्रमाणित आणले, तर आईच्या खोलीतल्या ओट्यावर मलिदा होऊ शकतो. खोलीला असा ओटा आहे का, हे मात्र पाहून घ्या.

शुक्रवारच्या दिव्यांबाबत बऱ्याच संस्था आगीच्या भीतीने खोलीत ज्योत लावू देत नाहीत. कुठे भोजनगृहाजवळ दिव्यांसाठी वेगळी जागा केलेली असते, तर कुठे विजेचे दिवे देऊन काम भागवले जाते. ज्या बाईने साठ वर्षे हाताने दिवे लावले, तिच्या दृष्टीने हा फरक लहान नाही, म्हणून शक्य असल्यास एखाद्या शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी तिथे जाऊन स्वतः पाहावे. त्याच वेळी शब्बाथची, म्हणजे बटण न दाबता चालणारी, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबते का आणि सिनेगॉगातील स्त्रियांच्या जागेपर्यंत चाकांची खुर्ची जाते का, हेही कळेल.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते. मनगटावरचे मदतीचे बटण शब्बाथला दाबायचे नाही, असे मानणाऱ्या अनेक वृद्ध स्त्रिया मी पाहिल्या आहेत. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणे ही परवानगी नसून कर्तव्य आहे. हे तुम्ही सांगून आईला पटेलच असे नाही. त्यापेक्षा तिचा विश्वास असलेल्या हझानने (सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्याने) किंवा रब्बींनी प्रवेशाच्या आधीच तिला समोर बसवून समजवावे. ती रात्रभर न्हाणीघरात पडून होती असे तुम्ही लिहिले आहे. तो दिवस शब्बाथचा होता का, याचाही विचार करा.

अभ्यासक, लोद

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी लिहितो. तालमूदच्या किद्दुशीन या मसेख्तमध्ये, म्हणजे भागात, आईवडिलांचा सन्मान म्हणजे काय याचे उत्तर भावनेच्या नव्हे, तर कृतीच्या भाषेत दिलेले आहे: खाऊ घालावे, पाणी द्यावे, वस्त्र नेसवावे, पांघरूण घालावे, आत आणावे आणि बाहेर न्यावे. ही सगळी कामे तुम्ही स्वतःच्याच हातांनी आणि स्वतःच्याच छपराखाली करावीत, असे तिथे म्हटलेले नाही.

याच ठिकाणी राव आसी या तालमूदमधील विद्वानांची गोष्ट येते. वृद्ध आईच्या मागण्या पुरवता पुरवता त्या त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या, आणि अखेर तिला सोडून ते इस्रायलच्या भूमीत निघून आले. मध्ययुगीन धर्मशास्त्रकार रंबाम (मायमोनिडीस) यांनी आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथातील हिल्खोत मम्रीम या भागात असे लिहिले की आई किंवा वडील यांचे मन ढळले असेल, तर मुलाने शक्य तितके त्यांच्या कलाने घ्यावे. ते अशक्य झाले, तर स्वतः दूर व्हावे आणि त्यांची योग्य काळजी घेण्याची आज्ञा इतरांना द्यावी. यावर त्यांचे टीकाकार रावाद यांनी तिथेच हरकत घेतली की हा निर्णय बरोबर नाही, कारण मुलगाच सोडून गेला तर राखण करण्याची आज्ञा तो कोणाला देणार?

आपल्या आईचे मन शाबूत आहे, त्यामुळे हा वाद आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही माझ्या मते रावाद यांचा प्रश्न हीच निवडीची खरी कसोटी आहे. संस्थेला काळजी घेण्यास सांगणारे आणि ती घेतली जाते की नाही हे पाहणारे माणूस जवळ हवे. रोज भरणाऱ्या सिनेगॉगाचे मोल मी कमी मानत नाही. सामूहिक प्रार्थनेला लागणारा दहा माणसांचा मिन्यान जमणे वृद्धनिवासात किती कठीण असते हे मला ठाऊक आहे. परंतु आपण शब्बाथला वाहन चालवत नसाल, तर बीरशेबातील आई आपल्याला शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत भेटणार नाही, आणि पेताह तिकवातील आईकडे आपण चालत जाऊ शकाल.

अश्दोदकर मुलगा

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र भाषेचा मुद्दा मागे पडू नये असे वाटते. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला तेव्हा पन्नास वर्षांत शिकलेली हिब्रू वर्षभरात गळून गेली आणि उरली ती कोकणातली मराठी. ते दिवसभर ‘तहान लागली’ म्हणत, आणि ज्या संस्थेत ते होते तिथल्या नोंदवहीत ‘रुग्ण अस्वस्थ, बडबड करतो’ असे लिहिले जाई. हे वाचले त्या दिवशी मी गाडीत बसून रडलो. नंतर आम्ही पाणी, दुखते, थंडी, शौचास जायचे आहे, नको अशा वीस-बावीस शब्दांचा तक्ता हिब्रू लिपीत मराठी उच्चार आणि त्यासमोर हिब्रू अर्थ लिहून पलंगाशी लावला. पाळीवर येणाऱ्या प्रत्येकीने तो वापरला. आईचे हिब्रू आज चांगले असले, तरी तो तक्ता आताच करून ठेवा.

कराराविषयी थोडक्यात सांगतो. दियूर मुगानमध्ये मोठी ठेव घेतात आणि ती दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी कमी होते. ते प्रमाण आणि मासिक शुल्क यांचा हिशेब एकत्र मांडा. 2012 च्या कायद्यानुसार अशा निवासाला परवाना लागतो. तो दाखवण्यास सांगा. आईला पुढे पूर्ण शुश्रूषेची गरज पडली, तर त्याच आवारात शुश्रूषा विभाग आहे की तिला दुसऱ्या गावी हलवावे लागेल, हे लेखी घ्या.

अलिबागची लेक, पेताह तिकवा

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. आईला फोनवर विचारले. ती पडली ती शुक्रवारची रात्र होती, आणि शेजारणीने दिलेले बटण तिच्या गळ्यातच होते. ही गोष्ट तिने आम्हाला आजवर सांगितली नव्हती. रविवारी दिमोनातील आमच्या हझानना घेऊन तिच्याकडे जाते आहे.

मन पेताह तिकवाकडे झुकले आहे, पण बीरशेबातल्या ओळखीच्या माणसांचे काय, हा सल आहेच. तिथल्या एका मावशींनी सांगितले की पाहुण्यांसाठी खोली मिळते, तेव्हा सणाला आईला तिकडे दोन रात्री नेता येईल. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन जवळचा निवास पाहायला जाणार आहे. पेसाहच्या भाताचा प्रश्न माश्गियाखना आपणच विचारणार असे तिने बजावले आहे. ती मराठीत विचारेल आणि मी हिब्रूत सांगेन.