मदत हवी आहे: फिरत्या अंतराळ वसाहतीच्या मॉडेलला मोटर कोणती लावावी?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी १९७५ च्या स्टॅनफर्ड टोरसचं, म्हणजे कड्याच्या आकाराच्या फिरत्या अंतराळ वसाहतीच्या कल्पनेचं, मॉडेल करतोय. मूळ कल्पना १.८ किमी व्यासाची, मिनिटाला १ फेरा, १०,००० माणसं. आपल्याकडे उभी सायकल रिम, त्रिज्या ३० सेंमी, आतून ओल्या कापसात मूग. चाक फिरल्यामुळे मुगावर बाहेरच्या बाजूला गुरुत्वाकर्षणासारखा जोर येतो; तो पृथ्वीइतका मिळायला मिनिटाला ५५ फेरे लागतात. ४० वर आलं की जोर जेमतेम निम्मा. मुळं बाहेर आणि कोंब आसाकडे गेले पाहिजेत.

वायपर मोटर सतत चालवली की तापते, फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर पुरत नाही. लोडशेडिंगमध्ये चाक थांबलं की मुळं सरळ जमिनीकडे वळतात, झालं! कूलरची मोटर सुचवू नका, फार पळते. चार दिवस न थांबता चालेल असं काय लावावं?