‘शून्य देखभालीचं नवं घर’ : शून्य नक्की कोणाच्या खर्चाने?

पेठकरी :
परवा ‘बाणेरवासी’ यांनी इथे लेख टाकला. थोडक्यात असा : कोथरूडचा पस्तीस वर्षं जुना, बिनलिफ्टचा फ्लॅट विकून त्यांनी बाणेरच्या पुढे बावीस मजली टॉवरमध्ये टू बीएचके घेतला. आता ना गळती, ना प्लंबर, ना रंगारी. प्रत्येकाने साठीच्या आत हेच करावं, असा सल्लाही दिलाय. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग. माझा प्रतिसाद फार लांबला म्हणून हा वेगळा धागा.

देखभाल कुठे जात नाही हो. आपल्या हातून सुटते आणि बिलात जाऊन बसते. आमच्या चार मजली इमारतीत आहे काय? एक पंप, दोन टाक्या, जिना आणि रात्री झोपणारा वॉचमन. बिघडून बिघडणार काय? तुमच्याकडे तीन लिफ्ट, जनरेटर, आगीचे पंप, सांडपाण्याचा प्लांट, ओल्या कचऱ्याचं मशीन, पोहण्याचा तलाव, जिम. प्रत्येक यंत्र झिजणार, प्रत्येकाचा एएमसी (वार्षिक देखभाल करार) वेगळा. ताबा देताना बिल्डर दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, म्हणून दोन वर्षं माणूस हवेत असतो. मग कारभार सोसायटीकडे येतो आणि खरे आकडे सर्वसाधारण सभेत वाचले जातात. त्या सभेला मला बोलवा, चहा मी आणतो.

महिन्याचा आकडा साडेसात हजारांपुढे गेला आणि सोसायटीची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या वर असली (टॉवरची असतेच) की त्यावर १८ टक्के जीएसटी. खरेदीच्या वेळचं तर विचारूच नका. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणीचे ३० हजार, भोगवटा पत्राच्या, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याच्या सरकारी दाखल्याच्या, आधी घेतलात तर ५ टक्के जीएसटी. एक कोटीच्या घरावर हे १२ लाख ३० हजार होतात. एवढ्यात माझ्या घराचं प्लंबिंग, दोन्ही बाथरूम, वायरिंग आणि रंग होऊन पैसे उरतील.

बाणेरवासी :
नाव घेऊन धागा काढलात, आभार. आता माझं ऐका.

आमच्या त्या इमारतीत जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप होते. आतून गंजून नळाला करंगळीएवढी धार, सकाळची पहिली बादली लालसर. माझ्या फ्लॅटमधले पाइप मी बदलले, पण डक्टमधला (पाइपांच्या बोळातला) उभा पाइप सगळ्यांचा. तो बदलायला चार सभा झाल्या आणि प्रत्येक सभेत एक गृहस्थ म्हणायचे, ‘आमच्याकडे पाणी येतंय’. ते पहिल्या मजल्यावर राहायचे. आम्ही वरच्या मजल्यावर, म्हणजे गच्चीची गळतीही आमचीच. गच्ची सोसायटीची, डाग मात्र माझ्या छतावर.

बायकोचे गुडघे गेल्यापासून ती ठरवून दिवसातून एकदाच खाली उतरायची. भाजी, बँक, डॉक्टर, सगळं त्याच फेरीत. तुमच्या सव्वाबारा लाखांत तिच्यासाठी लिफ्ट बसवून देता का? मग मी परत येतो.

आणि कायदा तुम्ही सोयीने विसरलात. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीचा स्थावर संपदा कायदा, २०१६चा, कलम १४(३). ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर विकासकाने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. आमच्या बाथरूमची गळती पहिल्याच पावसाळ्यात निघाली, लेखी तक्रार केली, फरशी उखडून नव्याने करून दिली. जुन्या घरात ही तक्रार कुणाकडे नेणार होतात, ग्रामदेवतेकडे?

पेठकरी :
पाच वर्षं. आणि सहाव्या वर्षी?

वाडीतली :
‘जुनं ते सोनं’वाल्यांचं मला नेहमी नवल वाटतं. माझं सासर दापोलीजवळ. चिऱ्याच्या भिंती, कौलारू घर, फोटो काढायला फार सुंदर. दर वर्षी मे महिन्यात कौलं परतायला माणूस शोधायचा. आता तो मिळत नाही, मिळाला तर म्हणेल त्या दिवशी येत नाही. माकडं येऊन अर्धी कौलं फोडून जातात ते निराळंच. वाळवीने तुळई आतून खाल्ली तर कळतं कधी? बोट घातल्यावर. शेवटी आम्ही वर पत्रे टाकले. तेव्हा मुंबईत राहणारे चुलत दीर हळहळले, ‘घराची शान गेली’. शिडीवर चढायला मात्र ते कधी आले नाहीत.

सासूबाई आता आमच्याकडे रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये असतात. पहिल्या पावसात रात्रभर जाग्या होत्या, पातेली कुठे ठेवायची म्हणून. आता झोपतात. मी बाणेरवासींच्या बाजूने.

नाइलाजाने_खजिनदार :
मी एका सोसायटीचा खजिनदार आहे, कारण सभेला उशिरा पोचलो. दोन्ही बाजूंना एक सांगतो. जुन्या इमारतींचा मेंटेनन्स ‘कमी’ असतो कारण तो गोळाच केलेला नसतो. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा) किमान पाव टक्का घ्यायचा असतो. बहुतेक जुन्या सोसायट्या महिना पाचशे-सातशे घेऊन ‘आमच्याकडे खर्चच नाही’ म्हणून मिरवतात. मग गच्चीचा कोबा फुटतो आणि एकदम माणशी लाखाची मागणी निघते.

पेठकरी, तुमच्या इमारतीचं वय काय? पंधरा ते तीस वर्षं असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, लागतं. शेवटचं कधी झालं?

सगळ्यात जास्त डोकं उठवतात ते तळमजल्याचे सभासद. लिफ्टचा विषय निघाला की यांच्या घरी पाहुणे येतात.

तळमजला :
शेवटच्या वाक्याचा निषेध. माझ्या आई-वडिलांनी आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं बटण आजवर दाबलेलं नाही. दाबून जाणार कुठे? गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे. तरी लिफ्टचा एएमसी आमच्याकडून. दोर बदलले, त्यात आमचा वाटा. आम्हाला मिळतं काय? डास, पार्किंगचा धूर, आणि ड्रेनेज तुंबलं की पहिला मान आमचा.

नाइलाजाने_खजिनदार :
उपविधी स्पष्ट आहेत. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी खर्च समान द्यायचा, वापरा अथवा वापरू नका. विषय संपला.

तळमजला :
तुमच्यासाठी संपला. मग ड्रेनेज तुंबतं तेव्हा बाविसाव्या मजल्याच्या लोकांनी बादली घेऊन खाली यावं, समान.

चार_बीएचके :
तुमचं समान तरी आहे. मी खराडीत फ्लॅट घेतला तेव्हा नोंदणी सोसायटीची आहे की अपार्टमेंटची, हे कुणी विचारतं का? पुण्यात तर अर्धे लोक दोन्ही एकच समजतात. १९७०च्या अपार्टमेंट कायद्यात अविभक्त हिश्शाच्या (जमीन आणि सामाईक जागेतला प्रत्येक फ्लॅटचा वाटा) टक्केवारीने वर्गणी, म्हणजे मोठा फ्लॅट त्याला मोठं बिल. शेजारच्या टू बीएचकेच्या जवळपास दुप्पट मी भरतो. आमच्या घरात माणसं दोन, त्यांच्याकडे सहा. वॉचमन मला दोनदा सलाम करतो का? लिफ्ट माझ्यासाठी दुप्पट वेगाने येते का?

दीड_खोली :
अरे वा, आज चार बीएचकेवाल्यांवर अन्यायाचा दिवस! मोठा हिस्सा म्हणजे जमिनीतही मोठा हिस्सा. उद्या पुनर्विकास झाला तर मिळणारी वाढीव जागा समान वाटून घ्याल का? तेव्हा लगेच चौरस फूट आठवतील. कायद्यात आहे तसंच आहे, आणि २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका कॉन्डोमिनियमच्या (अपार्टमेंट कायद्याखालच्या संकुलाच्या) प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हिश्शाप्रमाणेच आकारणी योग्य ठरवली आहे.

चार_बीएचके :
पुनर्विकास पन्नास वर्षांनी, बिल दर महिन्याला. घर घेण्याची ऐपत एकाने दाखवली म्हणून बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावर बसायचं का?

दीड_खोली :
ऐपत दाखवलीत ना, मग रडता कशाला?

वाडीतली :
मूळ विषय घर घेण्याचा होता.

तळमजला :
मूळ विषय देखभालीचा आहे आणि लिफ्ट ही देखभालच आहे. सोसायटीत मी समान भरायचं कारण वापर मोजायचा नाही, अपार्टमेंटमध्ये मोठ्याने जास्त भरायचं कारण हिस्सा मोजायचा. तळमजल्याच्या वाट्याला कुठला कायदा?

नाइलाजाने_खजिनदार :
पाण्याचा खर्च नळजोडांची संख्या आणि आकार बघून, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर, सेवा शुल्क समान. प्रत्येक रकमेची पद्धत वेगळी आहे. कोणी उपविधी वाचतच नाही. मी छापून वाटले होते, एका घरात त्यावर कोथिंबीर निवडताना पाहिलेत.

संपादक :
चार_बीएचके आणि दीड_खोली, एकमेकांच्या उत्पन्नावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. पुढचे पण उडतील.

साइटवरचा :
कंत्राटदाराकडे साइट इंजिनियर आहे, फ्लॅट विकत नाही. दोन्ही गट ‘नवं’ आणि ‘जुनं’ असं बोलताहेत, पण बघायचं वेगळंच असतं.

नव्या इमारतीत एक तर ब्लॉकच्या भिंती असतात, नाही तर मायवानच्या, म्हणजे भिंतीसकट सगळं काँक्रीट. ब्लॉकची भिंत जिथे बीम-कॉलमला भिडते तिथे जाळी न मारता प्लास्टर केलं की वर्षभरात सरळ रेषेत भेग दिसणार. रंगारी ती भरून देतो, पुढच्या उन्हाळ्यात ती परत येते. मायवानमध्ये हा त्रास कमी, बाहेरून पाणीही कमी शिरतं. पण भिंत हलवता येत नाही, नवा प्लग पॉइंट हवा तर खाचा मारायला कोणी तयार होत नाही, आणि उन्हाळ्यात खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. शेल्फ लावायचं तर साधं ड्रिल रडतं.

सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बघू नका. प्लंबिंगच्या डक्टमध्ये माणूस उभा राहू शकतो का ते बघा. आम्ही काही ठिकाणी असे डक्ट केलेत की तिथे फक्त मांजर जाईल. असल्या डक्टमध्ये पाइप गळला तर बाथरूमच्या आतून फोडावं लागतं. बाथरूमला फरशीच्या आधी पाणी साठवून चाचणी केली का, विचारा. खिडकीच्या खालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, हात लावून बघा. बाथरूमच्या चौकटी ग्रॅनाइटच्या असतील तर उत्तम, लाकडी असतील तर पाच वर्षांत खालून कुजतात. दर्शनी बाजूला काचा असतील तर त्या कोण धुणार आणि कितीला, हेही विचारा.

बाहेरच्या रंगाचं कोणीच बोललं नाही. चार मजल्यांना बांबूची परांची बांधून काम होतं. बावीस मजल्यांना दोराला लटकणारी माणसं किंवा झुला लागतो, आणि वरच्या मजल्याच्या एका भेगेसाठीही तोच खर्च. देखभाल कमी हवी असेल तर सात-आठ मजल्यांची, तलाव नसलेली, लहान नवी इमारत घ्या. असल्या इमारतीच्या जाहिराती दिसत नाहीत कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

बाणेरवासी :
आमच्याकडे मायवान आहे. घड्याळ अजून कपाटावर ठेवलंय, हे मान्य.

तळमजला :
साइटवरचा, तुमच्या सात मजली इमारतीत लिफ्टचा खर्च कसा वाटणार?

साइटवरचा :
मी ती बांधतो. वाटा तुम्ही.

पेठकरी :
साइटवरचा यांचा प्रतिसाद पटला, आणि तो माझ्याच बाजूचा आहे असं मी समजतो. खजिनदारांनी ऑडिटचं विचारलं होतं. इमारत १९८८ची. ऑडिट झालेलं नाही. ‘करायला हवं’ असा ठराव इतिवृत्तात आहे, पुरे का? गुडघ्यांबद्दल मी काही बोललो नव्हतो आणि बोलणारही नाही. वहिनींसाठी लिफ्ट हवीच, घ्या त्या मुद्द्याचे गुण. पण मग ‘लिफ्टचं घर घ्या’ असा लेख लिहायचा होता. ‘शून्य देखभाल’ कशाला? आता सरळ सांगा बाणेरवासी, आगाऊ भरलेली दोन वर्षं संपल्यावर महिन्याला किती येतंय?

बाणेरवासी :
सात हजार चारशे.

पेठकरी :
म्हणजे जीएसटीच्या उंबरठ्याच्या शंभर रुपये अलीकडे. हा योगायोग नसणार.

बाणेरवासी :
नाही, समितीने ठरवूनच तो आकडा धरलाय. तुम्ही छद्मीपणे हसणार, हसा. तरी मी खूश आहे. समितीवर मी नाही, पंप कुठे आहे मला ठाऊक नाही, आणि बायको आता संध्याकाळीही खाली जाते.

वाडीतली :
यात टँकर धरलेत का हो? आमच्या नणंदेकडे वाघोलीला मार्चपासून सुरू होतात.

बाणेरवासी :
टँकर वेगळे. ते त्या-त्या महिन्याच्या बिलात लागतात. फ्लॅटमागे समान.

चार_बीएचके :
बघा! टँकर समान! आणि तेव्हा हिस्सा कुणाला आठवत नाही!

दीड_खोली :
त्यांची सोसायटी आहे, तुमचं अपार्टमेंट. हजारदा सांगून झालं.

तळमजला :
टँकरचं पाणी आधी खालच्या टाकीत पडतं. माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली. पहाटे पाचला. त्याबद्दल उपविधीत काय आहे, खजिनदार?