‘बिड प्रोटेस्ट’ला निषेध म्हणायचं का?

धागाकर्ता: मंडळी, एक शब्द अडलाय. अमेरिकेत लष्कराच्या ट्रेनिंगचं सामान, म्हणजे सिम्युलेटर, सरावाची टार्गेटं वगैरे घेताना ज्या कंपनीचं टेंडर हुकतं ती जीएओकडे, म्हणजे तिकडच्या संसदेच्या हिशेबतपासनीसांकडे, जाऊ शकते, त्याला बिड प्रोटेस्ट म्हणतात. मी घाईत ‘बोली निषेध’ लिहिलं आणि लोकलमध्ये परत वाचलं तर डोळ्यासमोर काळ्या फिती लावून आझाद मैदानात बसलेले कॉन्ट्रॅक्टरच आले 😅

गिरगावकर: निषेध नकोच. निषेध नोंदवून माणूस घरी जातो, पुढे कोणी उत्तर देईल याची गॅरंटी नाही. इथे जीएओला 100 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आणि बोली पण नको हो, बोली म्हणजे ससून डॉकवर पहाटे मासळीच्या लिलावात ओरडून लावतात ती. बंद लिफाफ्यातली ती निविदा. माझं मत ‘निविदा-हरकत’.

मीनल: हरकतीला हरकत आहे 🙂 वॉर्ड ऑफिस ‘हरकती व सूचना’ मागवतं तेव्हा कोणीही उठून अर्ज देतो. जीएओकडे तसं चालत नाही, टेंडर भरणारा किंवा भरू शकणारा आणि ज्याचं थेट आर्थिक नुकसान होतंय असाच पाहिजे. म्हणून ‘दाद मागणे’ कसं वाटतं? (शिवाय हिंदीवाल्याला हरकत सांगितली तर तो म्हणेल, कोणी काय चाळे केले?)

गिरगावकर: दाद कोर्टात मागतात. आपल्याकडे टेंडरवाले घटनेच्या 226 कलमाखाली हायकोर्टात जातात ती दाद. जीएओ कोर्ट नाही, ते शेवटी शिफारस करतं, खातं बहुतेक वेळा ऐकतं ती गोष्ट वेगळी.

जुना टेंडर क्लार्क: मी मस्जिद बंदरला एका सप्लायरकडे होतो, अकरा वर्षं हेच केलं, टेंडरमध्ये प्रोजेक्टरचं स्पेसिफिकेशन असं लिहिलेलं की एकाच कंपनीचा माल बसेल, म्हणून लिफाफे उघडायच्या आधीच आम्ही पत्र दिलं, पोच घेतली, शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला. आम्ही त्याला हरकतच म्हणायचो. पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर, ‘आपली हरकत निकाली काढण्यात आली आहे.’ कशी, ते नाही. तिकडेही अटींबद्दलची तक्रार टेंडरची मुदत संपायच्या आतच करावी लागते, नंतर रडून उपयोग नाही.

धागाकर्ता: वा, हे ‘निकाली काढणे’ भारी सापडलं. पण निकाली काढणे वेगळं आणि निकालात काढणे वेगळं ना? पहिल्यात निर्णय दिला, दुसऱ्यात माणसाला मोडीतच काढलं.

जुना टेंडर क्लार्क: आमचं दुसरंच झालं होतं.

मीनल: ठीक, ‘हरकत’ शब्द मान्य. मग जीएओच्या निकालातलं डिनाय म्हणजे ‘फेटाळली’ आणि डिसमिस म्हणजे ‘दाखलच करून घेतली नाही’, उशिरा आली वगैरे कारणाने. हे दोन एकत्र करू नका, पहिल्यात मुद्दा तपासलेला असतो. सस्टेनला, म्हणजे हरकत मान्य झाली तर, ‘कायम ठेवली’ लिहितात लोक, ते वाचून वाटतं भांडण अजून चालूच आहे. आपण नाही का म्हणत, ‘हे कोर्टात टिकणार नाही’? तसं ‘हरकत टिकली’.

गिरगावकर: टिकली 👌 आणि स्टेबद्दल एक. आपल्याकडे स्टे ‘आणावा’ लागतो, वकील धावपळ करून आणतो. तिकडे 1984 च्या कायद्याने हरकत वेळेत पोचली की काम आपोआप थांबतं, फार निकड असेल तर खातं लेखी कारण देऊन चालू ठेवू शकतं. तेव्हा ‘स्टे आणला’ लिहू नकोस, ‘स्थगिती लागली’ लिही.

धागाकर्ता: वाक्य असं केलंय: ‘सिम्युलेटर खरेदीतली निविदा-हरकत टिकली, जीएओने फेरमूल्यांकनाची शिफारस केली.’ एडिटरला पाठवलं. तिचं म्हणणं सिम्युलेटरलाही मराठी शब्द द्या, ‘आभासी सराव यंत्र’.

जुना टेंडर क्लार्क: सिम्युलेटरच ठेवा हो. हे वाचून लोकांना व्यायामशाळेतली सायकल वाटेल.