मदत हवी आहे: पॉपलीनच्या शिलाईला चुण्या पडतात

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या गारमेंट प्रात्यक्षिकातला शर्ट आहे. कापड विट्याच्या यंत्रमागावरचं, घट्ट विणीचं कॉटन पॉपलीन. सुई १४ नंबर, पॉलिस्टर दोरा, इंचाला १२ टाके. उभ्या धाग्यात शिवलं की चुण्या. तेच कापड उरेब (तिरकं) कापलं तर शिलाई सपाट. टाक्यांमधला दोरा कापून पाहिला, तरी चुण्या जात नाहीत. म्हणजे नुसत्या टेन्शनचा (दोऱ्याच्या ताणाचा) दोष नाही, विणीत दोऱ्याला जागाच उरत नसावी. (इस्त्रीनं बसतात, एका धुण्यात परत हजर!)

सुई ११ आणि टाके १० वर आणू, की थेट ९ नंबर सुई आणि बारीक दोरा? त्यानं काखेत शिलाई उसवेल का? आणि ९ नंबरच्या डीबी-१ (कारखान्यातल्या शिलाई मशीनच्या) सुया सांगली-मिरजेत सुट्या कुठे मिळतील?