मदत हवी आहे: आठवीसाठी कापसाच्या भावाचा गेम केलाय, पण पोरांना शेवट आधीच ठाऊक!

मंडळी, वर्गात गेम घेऊन इतिहास शिकवलेलं कुणी आहे का इथे?

मी अमळनेर तालुक्यात आठवीला शिकवतो. पुस्तकात शेतीचं व्यापारीकरण थोडक्यात उरकलंय, आणि आमच्या मुलांच्या घरी कपाशीच्या भावाशिवाय दुसरा विषय नसतो. म्हणून ट्वाइनवर (पर्याय निवडत पुढे जाणाऱ्या गोष्टी-गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक गेम केला. साल १८६१. अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईचे भाव भडकले. खेळणारा खान्देशातला शेतकरी. दर हंगामाला त्याने ठरवायचं: ज्वारी-बाजरी किती, कपाशी किती, सावकाराच्या दारात जायचं की नाही. १८६५ मध्ये युद्ध संपतं, भाव कोसळतो.

तांत्रिक अडचण नाही. एकच फाईल, ब्राउझरात उघडते, नेट लागत नाही, पेनड्राइव्हने लॅबभर टाकता येते. लाइट असली म्हणजे झालं.

घोळ पुढे आहे. पहिल्यांदा खेळताना निम्मा वर्ग कर्जात बुडाला आणि चर्चा फार छान झाली. दुसऱ्यांदा सगळे म्हणाले, "आमले माहीत शे ना सर!" चौसष्टपर्यंत नुसती कपाशी, मग सगळं विकून मोकळे. सगळे श्रीमंत. वर एकाचा निष्कर्ष, त्या काळचे शेतकरी येडे होते! हे ऐकून मला गेमच बंद करावासा वाटला.

भाव कोसळण्याचं साल दर वेळी बदलतं ठेवलं तर मजा येईल, पण तो इतिहास राहील का? युद्ध १८६३ लाच संपलं असं मुलांच्या डोक्यात बसायला नको. कापसाच्या पैशावर फुगलेला मुंबईच्या शेअरबाजाराचा बुडबुडाही त्याच १८६५ मध्ये फुटला, तो या गेममध्ये घ्यावा की नको, हेही सुचवा.

प्रतिसाद १
सर, साल हलवू नका. पाऊस, कीड, बैल मरणं हे दैवावर सोडा. 'ओरेगॉन ट्रेल' हा बैलगाड्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशांवरचा १९७१ चा गेम अमेरिकेतल्या मिनेसोटात शिकाऊ शिक्षकांनीच केला होता. त्यातल्या संकटांचं प्रमाण पुढे त्या काळच्या खऱ्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचून बसवलं. तुम्हीही जुन्या गॅझेटियरमधून (जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ) दुष्काळाच्या नोंदी काढा. आणि दुसऱ्या फेरीत मुलांना शेतकरी करूच नका, सावकार करा. भाव पडणार हे ठाऊक असताना ते कर्ज देतात का आणि तारण काय मागतात, ते बघा.

धागाकर्ता
सावकाराची कल्पना झकास आहे, ताई. पण काही मुलांच्या घरी आजही तसलंच कर्ज आहे. त्यांना त्या खुर्चीत कसं बसवू? की ती फेरी वर्गाने मिळून एकाच पडद्यावर खेळावी?